हवेची गळती

लातुरात आमच्या कोचिंग क्लासच्या नव्या एसी हॉलमधून हवा कुठून गळते, ते तपासायला नांदेडहून एक मेकॅनिक आला होता. त्यानं एका दारात मोठा पंखा बसवला, बाकीची दारं-खिडक्या लावली आणि हातातल्या डिजिटल गेजवर हवेचा दाब बघू लागला. मधूनच त्याची नजर छताकडं जायची.

पंख्याचा जोर वाढला आणि छताच्या फळ्या थडथडल्या. मागचं दार ढकलून आम्ही दोघंही बाहेर पळालो.

"भूकंपात तुमचं बी घर पडलं व्हतं का?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"हाव. आई गेली."

"आमचं गाव औशाकडं. बहिणीच्यानं दाराची कडी निघाली न्हाई."

आत पंखा घोंगावतच होता. तो बंद करायला एकट्यानं जायची हिंमत दोघांतही नव्हती. शेवटी हात धरून गेलो.