धाकट्या जावेचं रिव्हॉल्व्हर

गोळी ह्यांच्या डाव्या दंडातून आरपार गेली आणि मागच्या भिंतीत घुसली. रिव्हॉल्व्हर माझ्या हातात होतं. पाटावर पूजेसाठी विळी, अडकित्ता आणि ह्यांच्या पोथ्या मांडल्या होत्या, त्यांच्यावर रक्त उडालं. हे भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "अगं, ते रिकामं केलेलं नव्हतं."

एकोणीसशे नव्वदनंतर चार-पाच वर्षांनी, काशीत, रामघाटाजवळच्या आमच्या घरात खंडेनवमीच्या सकाळी हे झालं. रिव्हॉल्व्हर माझ्या धाकट्या जावेचं होतं. धाकटे दीर गेल्यापासून ती आमच्याकडे वरच्या खोलीत राहायची. शाळेत खेळ शिकवून रिटायर झालेली बाई, आणि नेमबाज. नावेने गंगेपलीकडे रामनगरच्या बाजूला जायची आणि तिथल्या मैदानावर नेम धरायची. तिची पदकं बैठकीत टांगलेली होती. मी चौथीपर्यंत शिकले. माझ्या नावाचं त्या भिंतीवर काही नव्हतं.

मग तिला संधिवाताने धरलं. बोटांची पेरं सुजली. दिरांचं जुनं पिस्तूल होतं, त्याचा वरचा भाग मागे ओढल्याशिवाय गोळी चढत नाही. तो तिला ओढवेना. मला वाटलं, आता सुटेल हा नाद. ह्यांना वाटलं, तिच्या हाताला झेपेल असं दुसरं घ्यावं.

महिनाभर दोघं बंदुकीच्या दुकानात खेपा घालत होती. एकदा मीही मुद्दाम गेले. दुकानदाराने काउंटरवर तीन-चार रिव्हॉल्व्हरं मांडली. मी एक लहानसं, हलकं दाखवलं. तो म्हणाला, माताजी, हलकं जास्त झटका देतं. सांधे दुखणाऱ्याने जडच घ्यावं, आणि मूठ जाड हवी, म्हणजे बोटं पुरती मिटावी लागत नाहीत. मग ह्यांनी तिचं एकेक बोट धरून मुठीवर बसवलं.

"इथे दुखतंय?"

"नाही, भाऊजी."

"आणि इथे?"

चाळीस वर्षं मी ह्यांची धोतरं आपटली. माझी बोटं कुठे दुखतात हे मला कुणी विचारलं नव्हतं.

शेजारणीने एकदा हसत विचारलं, तुमच्यात धाकटी सून जेठापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, डोक्यावर पदरसुद्धा घेत नाही का? मी म्हटलं, "आमच्यात जेठच सुनेच्या बोटांना तेल चोळून देतो." हे खोटं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला ठाऊक झालं. मला बरं वाटलं.

शेवटी जाड लाकडी मुठीचं एक घेतलं. अंगठ्याला त्रास नको म्हणून कारागिराकडून मागचा घोडा रुंद करून घेतला. एकच अडचण उरली. रिव्हॉल्व्हर उघडायला वरची कडी जोरात दाबावी लागे, आणि ते तिला जमत नसे. त्यामुळे ती मैदानावरून आली की हे वर जाऊन उरलेल्या गोळ्या काढून द्यायचे. एक कडी दाबायला ह्यांना अर्धा तास लागायचा. खाली मी वरण पुन्हा गरम करायची.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती रामनगरला जाऊन आली. ह्यांना कणकण होती, म्हणून हे वर गेले नाहीत. सकाळी पूजेत रिव्हॉल्व्हर ठेवायचं होतं. खंडेनवमीला घरातलं शस्त्र पुजायचं, ही आमची रीत. ती आंघोळीला गेली होती. हे जिन्याकडे निघाले.

"तुम्ही बसा. मी आणते," मी म्हटलं.

हे मागून काहीतरी म्हणाले. मी थांबले नाही. तिच्या कपाटातून ते उचललं, खाली आणलं आणि विळी पुसते तसं ओल्या फडक्याने पुसायला लागले. रुंद घोड्यात फडकं अडकलं, त्यासरशी घोडा मागे ओढला गेला आणि निसटला.

आवाज ऐकून ती ओल्या केसांनी धावत आली. तिने दोन्ही हातांनी ह्यांचा दंड आवळून धरला. जी बोटं मिटत नव्हती, ती रिक्षात बसतानाही मिटलेलीच होती. मला रिक्षात जागा नव्हती. मी घरी थांबून फरशी पुसली.

दुपारी दंडाला पट्टी बांधून दोघं दवाखान्यातून परत आली, मागोमाग पोलीस आले. ती म्हणाली, "साफ करताना माझ्या हातून गोळी सुटली." हे म्हणाले, "हो, तिच्याच हातून." दोघांपैकी कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मला सोडवलं जात होतं, हे मला कळत होतं. तरी माझ्या मनात एवढंच आलं की दोघांनी हे ठरवलं कधी? रिक्षातच ठरवलं असणार.

तिचा परवाना रद्द झाला. रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा झालं. तिने पुन्हा कधी नेम धरला नाही आणि मला कधी बोलही लावला नाही. लावला असता तर मला सोपं गेलं असतं.

दंडाची जखम भरून आली. हे त्यानंतर अकरा वर्षं जगले. ती आणि मी अजून त्याच घरात आहोत.