दाबल्यावर गप्प होणारी गाडी

ती घटना आठवली की आजही माझे कान आधी टवकारतात. माणसाच्या डोळ्यांत बघून खरंखोटं ओळखतो, असा मला मोठा गर्व होता. एका जुन्या मोटारीच्या ब्रेकने तो उतरवला, आणि तोही भर दिवसा, माझ्याच ठाण्याच्या आवारात.

मी तेव्हा तासगावकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी होऊन गेली होती. माणदेशातून मेंढरं घेऊन आलेलं एक जोडपं द्राक्षबागांच्या कडेने चाललं असताना मागून आलेल्या जुन्या पांढऱ्या मोटारीने बाईला उडवलं. चालक उतरलासुद्धा नाही, तसाच पळाला. बाई सांगलीच्या दवाखान्यात बेशुद्ध होती. तिच्या खांद्यावरच्या काळ्या घोंगडीचा कोपरा फाटून गेला होता, ती घोंगडी पंचनामा करून मुद्देमालात घेतली.

नवऱ्याचा जबाब मीच नोंदवला. गाडीचा नंबर त्याला सांगता येईना. "लय वरडत हुती सायेब गाडी," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"ब्रेक मारल्यावर ना?" मी घाईत विचारलं. त्याने रडत रडत मान हलवली. 'ब्रेक मारताच कर्कश आवाज' असं मी लिहून घेतलं आणि खाली त्याचा अंगठा घेतला.

दोन दिवसांनी निनावी फोन आला. शेजारच्या गावातल्या मेजरची गाडी जुनी, पांढरी, ब्रेक किंचाळतात, आणि त्याने ती कालच धुऊन लख्ख केली आहे. आमच्याकडे लष्करातून निवृत्त झालेल्या जवानाला, हुद्दा काहीही असो, मेजरच म्हणतात. गाडीसकट त्याला बोलावलं. फाटकातून आत येताना ब्रेक असे किंचाळले की ठाणे अंमलदाराच्या हातातला चहा सांडला. माझ्या अंगात नुसती वीज संचारली. सापडला!

"परवा दुपारी कुठं होतास?"

"म्हसवडला, सिद्धनाथाच्या रथाला."

"बरोबर कोण होतं?"

"एकलाच गेल्तो. मोबाईलबी घरीच ऱ्हायला."

"आणि गाडी धुतलीस कशाला?"

"रथाच्या गुलालानं लाल झालती, सायेब. धुतली तवापासनंच ब्रेक वरडाय लागलं."

साक्षीदार नाही, मोबाईल नाही आणि गाडी धुतलेली. धडधडीत थापा, असं मनाशी म्हणत मी टेबलावर हात आपटला. "फौजी म्हणवतोस आणि जखमी बाईला रस्त्यात टाकून पळतोस?"

तो ताडकन उभा राहिला. "फाशी द्या सायेब. पर पळाला म्हणू नगा. ह्यो डाग घिऊन गावात मला जगता याचं न्हाई." त्याचा आवाज कापत होता, नजर मात्र हलली नाही. संध्याकाळपर्यंत अटक दाखवायची, हे मी तरीही ठरवून टाकलं होतं.

अटकेआधी गाडी तपासून घ्यावी म्हणून गावातल्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी गाडी दोनदा मागेपुढे केली, कान लावला. "आवाज मागनं येतोय," म्हणत गाडी जॅकवर घेतली, मागचं एक चाक काढलं, आतल्या ब्रेकच्या ड्रमला हातोडीचे दोन ठोके दिले आणि ड्रम ओढला. लाल भुकटी भसकन जमिनीवर सांडली. आत ड्रमला घासणाऱ्या लायनरवर गुलालाचा वाळून कडक झालेला लेप होता!

"धुताना पाण्यासंगट आत गेला आन् वाळला," मिस्त्री म्हणाले. "मग वरडंल न्हाईतर काय करंल?"

गुलालावर काही तारीख लिहिलेली नसते. पण मेजरने हे आधीच सांगितलं होतं आणि मी ते कानाआड केलं होतं. तो आवाज मेंढपाळाला ऐकवायचा होता, म्हणून दुसरं चाक उघडू दिलं नाही आणि काढलेलं परत बसवून घेतलं. एका हवालदाराला मोटारसायकलवर म्हसवडला पिटाळलं आणि दवाखान्यात बायकोच्या उशाशी बसलेल्या त्याला बोलावून घेतलं.

"मामा, डोळे मिटा आणि नुसतं ऐका."

गाडी आवारात फिरवली. ब्रेक किंचाळताच त्याने मान झटकली. "ही न्हवं."

"नीट ऐका."

"आवं, कळपात माझं कंचं कोकरू वरडतंय ते मला न बघता कळतंय. ही दाबल्यावर वरडतीया. ती वरडतच आली, दाबली तवा गप झाली, आन् सोडल्यावर परत वरडत पळाली."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठं?"

मिस्त्री एकदम उडालेच. "सायेब, त्या गाडीच्या म्होरल्या ब्रेकचं पॅड संपल्यात! पॅड झिजलं की त्याची पत्र्याची पट्टी डिस्कला घासती. पळताना वरडती, दाबलं की गप. चार दिसांत गॅरेजला येणारच बघा ती!"

त्याच तासाला तासगावपासून सांगलीपर्यंतच्या गॅरेजना फोन लागले. तेवढ्यात म्हसवडहून हवालदाराचा फोन आला. एका दुकानाच्या कॅमेऱ्यात अपघाताच्याच वेळी मेजर रथावर खोबरं उधळताना दिसत होते. मी त्यांना घरी जायला सांगितलं. ते गाडी घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी सांगलीच्या एका गॅरेजमधून निरोप आला आणि आमची जीप सुसाट निघाली. पांढरी गाडी, पॅड झिजून सपाट. बंपरच्या फटीत काळ्या लोकरीचे धागे अडकले होते. ते पुढे प्रयोगशाळेत घोंगडीशी जुळले. गाडीचा मालक चारचौघांत मान असलेला गृहस्थ. मी प्रश्न विचारण्याआधीच त्याने विचारलं, "साहेब, त्या बाई जिवंत आहेत ना?" पुढे विचारायला फारसं काही उरलंच नाही.

बाई शुद्धीवर आली तेव्हा तिचा नवरा माझा हात धरून लहान पोरासारखा रडला. मला आनंद झाला, पण आत टोचणी होती. साक्षीदाराने खरं तेच सांगितलं होतं, उत्तर मात्र मी माझ्या मनातलं लिहिलं होतं. पुढे सगळ्या नोकरीत मी कुणालाही 'असंच झालं ना?' म्हणून विचारलं नाही. 'कसं झालं?' म्हणायचो आणि पेन खाली ठेवायचो.

मग मी मेजरच्या गावी गेलो, वर्दी घालून. पारावर माणसं बसली होती. सगळ्यांसमोर म्हणालो, "मेजर पळाले नव्हते. चुकलो मी." आणि कडक सलाम ठोकला.

मेजरनी तितकाच कडक सलाम परत केला. मग पाराकडे वळून त्यांनी एवढंच विचारलं, "समद्यांनी ऐकलंसा न्हवं?"