घशासाठी खडीसाखर

पाचूबंदरहून मासे घेऊन येणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलंच नाही. "बोंबील घ्या गोऽऽ" ही तिची हाक अख्ख्या गल्लीत घुमायची आणि माझी दहा वर्षांची मुलगी कान दाबून रडायची. शेवटी एकदा मी त्या बाईला फाटकाबाहेर गाठून हळूच म्हटलं, "मावशी, हिला ऑटिझम आहे. डॉक्टरांनी सांगून दोन वर्षं झाली. मोठा आवाज सोसत नाही तिला. पण तिच्यासमोर बोलू नका हं, तिला आम्ही सांगितलेलं नाही."

तिने पाटीवरचं ओलं फडकं सारखं केलं. "मना सांगलंस. तिला कवा?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीत ती न ओरडता फक्त दाराची कडी दोनदा वाजवू लागली.

"मावशी आता ओरडत का नाहीत?" मुलीने विचारलं.

"घसा बसलाय त्यांचा," मी ठोकून दिलं.

मग मुलगी रोज "घशासाठी" म्हणत मावशींच्या हातावर खडीसाखरेचा खडा ठेवू लागली. बाई तो पदराच्या गाठीत बांधायची. ती पुढच्या गल्लीत पोचायच्या आत मी घाईघाईने खिडक्या लावून घ्यायचे. तिची हाक ऐकून मुलीला माझा खोटेपणा कळू नये म्हणून.

आठवड्याने बाईने गाठ सोडली आणि सगळे खडे माझ्या हातात ओतले.

"माजा घसा बरा हाय, बाय. बसलाय तो तुजा. तूच खा."

मुलगी माझ्याकडे काळजीने बघत होती. "आई, कधीपासून बसलाय?"

"दोन वर्षं झाली," मी म्हटलं, आणि तिला पायरीवर शेजारी बसवून घेतलं.