आधीचीबद्दल सगळं

मेलेल्या बाईवर जळू नये म्हणतात. म्हणू दे. म्हणणाऱ्यांना एकदा या चष्मेवालीच्या घरात आणून बसवा, मग बघू काय म्हणतात ते.

चष्मेवाली म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी बाई. हात असा की काच कधी फुटायची नाही, आणि जीभ अशी की गिऱ्हाईक मागच्या खोलीकडे फिरकायचं नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सरळ माणूस, पण अबोल. त्याचं हे दुसरं लग्न. पहिली बायको मेंदूतल्या गाठीने गेली, तेव्हा पोरगी जेमतेम रांगत होती. चष्मेवालीने त्या पहिलीचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. 'आधीची' म्हणायची, दुकानातली एखादी बाई नोकरी सोडून गेली असावी तशी.

आता नुसती मेलेली सवत असती तर तिने चालवून घेतलं असतं. भिंतीवर फोटो असतो, कुणीतरी कधीतरी उसासा टाकतं, संपलं. पण ही आधीची काही केल्या जाईना. ऑपरेशनच्या आधी तिने डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं, गाठ काढाल ती फेकू नका, कुणाच्या उपयोगी पडली तर बघा. मग त्या गाठीचा तुकडा आणि थोडं रक्त गोठवून ठेवलं गेलं. त्यातली जनुकं मशीनवर वाचली, आणि ती सगळी माहिती एका मोठ्या डेटाबेसमध्ये गेली. मेंदूच्या गाठींवर काम करणारं जगातलं कुणीही तो उघडून बघू शकतं. नाव नाही, पत्ता नाही, फक्त एक नंबर, तो हॉस्पिटलने घरच्यांना लिहून दिलेला. दरवर्षी हॉस्पिटलवाले अशा घरच्या लोकांना बोलावून चहा पाजायचे आणि सांगायचे, तुमच्या माणसाची माहिती यंदा कुठल्या कुठल्या देशांत कामाला आली. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून जायचा. इस्त्री कुणी केलेली? हिनेच, दातओठ खात.

दुकानाच्या मालकिणीजवळ ती म्हणायची, माझा मिक्सर मागायला शेजारीणसुद्धा येत नाही, आणि हिची गाठ देशोदेशी फिरते. मालकीण हसायची. हिला हसू येत नसे.

त्यात एकदा तिला कळलं, की नवऱ्याच्या फोनचं कुलूप ज्या आकड्यांनी उघडतं ते आधीचीच्या नंबराचे शेवटचे आकडे आहेत. अहो, ज्या माणसाला या बाईशी झालेल्या लग्नाच्या तारखेची दरवर्षी आठवण करून द्यावी लागते, त्याला तो नंबर तोंडपाठ! अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी जेवण अळणी झालं आणि नवऱ्याने ते मुकाट्याने खाल्लं.

खरं तर लग्न झाल्या झाल्याच तिने आधीचीची पक्की चौकशी केली होती. नवऱ्याकडून काही निघेना. 'चांगली होती' याच्यापुढे त्याची गाडीच जात नसे. मग तिने त्याच्या मावशीला धरलं, जुन्या घराच्या शेजारणीला धरलं, आणि खोदून खोदून विचारलं. कपडे कसे वाळत घालायची? उलटे करून, उन्हात रंग उडू नये म्हणून. केस विंचरताना काय करायची? शीळ घालायची. आणि भांडण झालं की? तोंड फुगवून बसायची आणि मध्येच स्वतःच फिसकन हसायची. कुणाला वाटेल, काय बाई मोठ्या मनाची! कसलं मोठं मन? तिला त्यातलं एकही घरात पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं, म्हणून माहिती हवी होती.

पोरगी वाढत होती. एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणायचे. चष्मेवालीने तिला अंगाखांद्यावर खेळवलं, तापात उशाशी बसली, गणितासाठी धारेवर धरलं. भिंगरी हिलाच आई म्हणायची, आणि ती हाक ऐकली की या तिखट बाईचं अर्धं तिखट तिथेच उतरायचं. पण एक दिवस, शाळेतच होती ती अजून, भिंगरीने आरशापुढे केस विंचरता विंचरता शीळ घातली. कुणी शिकवली नव्हती. चष्मेवालीने ती लगेच ओळखली. पुढे दोरीवर उलटे वाळत घातलेले शर्टही दिसू लागले. चष्मेवाली गुपचूप जाऊन ते सुलटे करून टाकायची.

भिंगरी नोकरीला लागली त्या वर्षी हॉस्पिटलातून फोन आला, या खेपेला मुलीला घेऊन या.

तिघं गेली. समजावून सांगणाऱ्या बाई मऊ आवाजाच्या होत्या. त्या म्हणाल्या, आधीचीच्या रक्तात जन्मापासूनच एका जनुकात बारीकसा बदल होता. तो दिसला होता तेव्हाच, पण त्याचा अर्थ कुणाला लागला नव्हता. मग डेटाबेसमध्ये ठिकठिकाणच्या रुग्णांची माहिती जमत गेली, परदेशातल्या कुणीतरी ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली, आणि तशीच गाठ झालेल्या माणसांत तोच बदल पुन्हा पुन्हा सापडला. त्यांना नुसता नंबर दिसतो. तो कुणाचा हे घरच्यांखेरीज फक्त या हॉस्पिटलला ठाऊक, म्हणून त्यांनी इथे कळवलं. असा बदल आईकडून मुलांत येऊ शकतो. आला असेल, नसेलही, दोन्ही सारखंच शक्य. आला असेल तर आयुष्यभर वेळच्या वेळी तपासण्या करत राहायचं. तेव्हा रक्त बघायला हवं.

नर्स सुई घेऊन आली. भिंगरीने बाही वर केली, आणि चष्मेवालीनेही केली. आपण काय करतोय हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

"तुमचं नको," नर्स म्हणाली. "रक्ताच्या नात्यातल्यांचंच लागतं."

चष्मेवालीने बाही खाली घेतली, बटण लावलं. पोरीसाठी भीती होती, ती होतीच. पण खोटं कशाला बोला, त्या भीतीच्या मांडीला मांडी लावून जळफळाटही बसला होता. मेली ती मेली, आणि इतक्या वर्षांनी हात लांब करून माझी पोर ओढते!

रिपोर्टला काही आठवडे लागणार होते. भिंगरीने भिंतीवरचा फोटो काढून आपल्या टेबलावर नेऊन ठेवला. बापाला विचारायची, ती कशी होती? बाप म्हणायचा, चांगली होती. मग त्याचे डोळे भरायचे आणि विषय तिथेच थांबायचा. हिला मात्र भिंगरीने एकदाही विचारलं नाही. आईला वाईट वाटेल म्हणून. आणि आई तिथेच बसलेली, सगळं ठाऊक असून तोंड शिवून. दुकानात तिच्या हातून काचा फुटायला लागल्या, तेव्हा मालकीणही हसायची थांबली.

रिपोर्ट आला. बदल भिंगरीत नव्हता.

नवरा लहान मुलासारखा रडला. चष्मेवालीने पोरीला छातीशी आवळून धरलं. जीव भांड्यात पडला होता. आणि त्याच वेळी मनात आलं, जिंकले! तिचं काही नाही हिच्यात, काही म्हणजे काही नाही. आता ही सगळीच्या सगळी माझी.

बाहेर बसस्टॉपवर तिघं बाकावर बसली. भिंगरीचे डोळे वाहत होते. आधी वाटलं, ताण उतरला म्हणून असेल. पण रडणं थांबेना.

"आई, रागावू नकोस," ती म्हणाली. "जगभरच्या लोकांनी तिला आतून बाहेरून वाचलंय. एक मीच अशी, जिला तिचं काही म्हणता काही माहीत नाही. मला तो बदल नको होताच गं. पण तिचं असं एवढं एकच सापडलं असतं माझ्यात."

नवऱ्याकडे होता तो नंबर, आणि तो नंबर इथे काय कामाचा?

चष्मेवालीचं गप्प बसून भागलं असतं. दोन दिवस रडून पोरगी आपोआप कामाला लागली असती आणि कुणाला काही कळलंही नसतं. बस आली, दार उघडलं. कुणी उठलं नाही. दार लागलं, बस गेली.

"शीळ घालतेस ना केस विंचरताना," चष्मेवाली म्हणाली. "ती तिची आहे. कपडे उलटे वाळत घालतेस, तेही तिचं. मी सुलटे करून ठेवते. आणि भांडताना मध्येच हसू येतं तुला, तेसुद्धा."

भिंगरी तिच्याकडे बघतच राहिली. "तुला कसं माहीत?"

"जळत होते मी तिच्यावर. अजून जळते. म्हणून सगळं विचारून ठेवलंय."

मग ती सांगत सुटली. मावशीने सांगितलेलं, शेजारणीने सांगितलेलं, इतकी वर्षं कुलपात ठेवलेलं एकेक. नवरा मान वर करून ऐकायला लागला, हे सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा, आणि मध्येच त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. ते बघून चष्मेवालीचा पुन्हा तोच जुना जळफळाट झाला. तिने सांगणं मध्येच तोडलं.

"अजून?" भिंगरी म्हणाली, आणि तिच्याजवळ सरकून बसली.

चष्मेवालीने पुढचं सांगायला घेतलं.