नाकावरचं घर आणि अत्तराचं कपाट

आमच्या ह्यांचं नाक म्हणजे काय विचारता! डेअरीच्या धक्क्यावर दुधाचे कॅन उतरतात. हे झाकण उचलतात, वाकतात, हुंगतात आणि म्हणतात, "पास" किंवा "परत". परत म्हणजे परत, दूधवाला पाया पडला तरी परत. त्या नाकावर आमचं घर चालतं. म्हणून लग्न झाल्यापासून घरात ना पावडर, ना वासाचं तेल, ना वासाचा साबण. नाक ह्यांचं आणि पथ्य माझं!

असा हा माणूस थंडीतल्या तापातून उठला तो थेट अत्तराच्या दुकानात. एक बाटली आली, दुसरी आली, मग माझ्या साड्यांचा कप्पा रिकामा झाला. "कलेक्शन करतोय," म्हणे. म्हटलं करा, मी काय, साड्या बादलीत ठेवते.

मग ज्ञान सुरू झालं. "अगं, अत्तर तीन मजली असतं. आधी टॉप नोट, लिंबासारखी, ती लगेच उडते. मग मधली, फुलांची. शेवटी बेस नोट, चंदन, कस्तुरी. ती दिवसभर टिकते."

"आपला पगार एकमजलीच," मी म्हटलं. "टॉप नोटलाच उडतो."

हे हसले नाहीत. कागदाची पट्टी माझ्या नाकाशी धरून विचारत, "तुला काय येतंय, सांग." मी सांगायची. हे मान डोलवायचे, जशी काही परीक्षा माझीच. स्वतः मात्र प्रत्येक बाटलीला नावं ठेवायचे. "दम नाही ह्यात," म्हणून आणखी चार फवारे. शेजारीण खिडक्या लावून घ्यायला लागली. मी म्हटलं, नवरा म्हातारपणी नवरदेव व्हायला निघालाय, होऊ दे.

आणि व्हायचं तेच झालं. ह्यांनी नासका कॅन पास केला. तो टाकीत ओतला आणि अख्ख्या टाकीचं दूध फाटलं. मॅनेजरने सगळ्यांसमोर ह्यांचं मनगट हुंगलं आणि सुनावलं, "अत्तर माखून दूध हुंगता? बाटल्या बंद करा, मग धक्क्यावर या."

हे घरी आले तेव्हा मी फिनेलने मोरी घासत होते. ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. "इतकी वर्षं मी साधा गजरा माळला नाही, आणि तुम्ही चंदन फासून कामावर जाता? अक्कल गहाण ठेवलीत का? आत्ताच्या आत्ता फेकते सगळ्या!"

"फेक," हे म्हणाले. "पण दोष बाटल्यांचा नाही." आणि मोरीच्या उंबऱ्यावरच बसले. "त्या तापापासून मला वास येत नाही गं. दुधाचा नाही, कशाचाच नाही. एखाद्या तरी बाटलीचा येईल म्हणून आणत गेलो. धक्क्यावर दूधवाल्यांची तोंडं बघून पास-परत करत होतो."

मी घासणी खाली टाकली. ओल्या हातानेच त्यांचा खांदा धरला.

त्यांनी एकदम मान वर केली. माझा हात नाकाशी नेला, डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि लहान मुलासारखे उजळले. "थांब, थांब! येतोय! मोगरा ना? तू मोगरा लावलास ना?"

हाताला फिनेलचा भपकारा येत होता.

"हो," मी म्हटलं. "मोगराच."