गुडघ्याला बांधलेला कापूस

मंडळी, आज सकाळी यवतमाळजवळच्या टेकडीवर डोंगरउतारावरच्या सायकलींची हौशी शर्यत होती. माझी पहिलीच. बाबांनी 'जा' म्हटलं नव्हतं, 'नको'ही नाही.

गुडघ्याचे पॅड माझ्याकडे नव्हते. कापूस मात्र भाव नाही म्हणून दिवाळीपासून घरातच पडून आहे, अगदी झोपायच्या खोलीतही. आईने जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवल्या आणि त्यात तोच कापूस सरकीसकट ठासला.

दुसऱ्या वळणावर घाबरून मी पुढचा ब्रेक पूर्ण दाबला. मागचं चाक उचललं गेलं आणि मी हँडलवरून थेट गुडघ्यांवर. खरचटलं नाही, पण सरकी अशी रुतली की गुडघ्यांवर ठिपके उठले. तशीच पुन्हा बसले, खाली पोचले. शेवटून दुसरी.

घरी बाबांनी पॅड उसवले, कापूस चिमटीत धरून पाहिला. "माती नाही लागली," म्हणत तो ढिगावर परत टाकला.

मग आईला म्हणाले, "पुढच्या बारीले सरकी काढून भरजो. पोरीले रुतते."

पुढच्या शर्यतीचं मी घरात अजून कोणाला सांगितलंच नव्हतं. तुमच्याकडे परवानगी कशी मिळते?