रांगेत उरलेली बॅग

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरू नये असंच वाटतं. मुदतीआधी निवृत्ती घेतल्यावर आता कुठे ती लिहायचा धीर झाला आहे.

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका आहेत. चांगली जागा मिळावी म्हणून मुलं सकाळी लवकर दारापाशी आपापल्या बॅगा ओळीने ठेवतात आणि चहाला जातात. दार उघडलं की ज्याची बॅग पुढे, तो आधी आत. ही रीत सगळी गल्ली जाणते. एके सकाळी तिथे झाडणाऱ्या महापालिकेच्या बाईंचा आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. मुलं बॅगा उचलून आत गेली, एक तशीच पडून आहे आणि तिच्यातून वायर बाहेर आली आहे.

मी गल्ली रिकामी करवली. दवाखाने, क्लास बंद झाले. बॉम्बशोधक पथकाने बॅग उघडली. आत पुस्तकं होती, आणि पत्र्याच्या डब्यात बॅटरी व बल्ब बसवून घरीच केलेला दिवा.

लोक चिडले. वरिष्ठांनी विचारलं, जबाबदार कोण? तेवढ्यात अभ्यासिकेच्या मालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की कचऱ्यावरून त्यांचं आणि बाईंचं वाजलं होतं. बॅग तिनेच ठेवली असेल. मला ते पटलं. खरं म्हणजे मी पटवून घेतलं.

बाईंना ठाण्यात आणलं. महिला शिपाई हजर होती, तरी आईच्या वयाच्या त्या बाईंशी मी एकेरीत बोलत होतो. तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या खेपेला तपशील वाढवतो. बाईंनी एक शब्द वाढवला नाही. मला ते कळत होतं, तरी मी थांबलो नाही.

वाट काढली ती आमच्या हवालदारांनी. बॅग रांगेत कितवी होती, एवढंच त्यांनी बाईंना विचारलं. तिसरी, असं कळल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या बॅगेची मुलं शोधली. मधला मुलगा कोण, ते दोघांनीही लगेच सांगितलं. सकाळी आम्ही त्यांना नुसतं दोरीबाहेर हाकललं होतं, विचारलं काहीच नव्हतं.

तो मुलगा बॅग ठेवून खोलीवर परतला होता आणि तापाने फणफणून झोपला होता. वीज गेल्यावर वाचता यावं म्हणून त्याने दिवा केला होता. गुन्हा दाखल झाला तर चारित्र्य पडताळणीत नोकरी जाईल, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी मात्र कलमं चाळत होतो.

बाई म्हणाल्या, "लेकराचं नाव नका घालू साहेब. फोन मी केला, माझं लिहा." मग म्हणाल्या, "फक्त एक सांगा. उद्या अशी बॅग दिसली तर फोन करायचा, का झाडून पुढं जायचं?"

माझ्या खुर्चीमागे फलक होता : बेवारस वस्तू दिसल्यास पोलिसांना कळवा. तो मीच लावून घेतला होता.

स्टेशन डायरीत मी नोंद केली. माहिती सद्भावनेने दिलेली, गल्ली रिकामी करण्याचा निर्णय माझा, गुन्हा नाही. वरिष्ठांची बोलणी खाल्ली. बाईंची माफी मात्र मागितली नाही. दुपार टळली होती. त्या उपाशीच हडपसरच्या बसला निघून गेल्या.

दोनेक महिन्यांनी पुन्हा त्यांचाच फोन आला. या वेळी एक पिशवी होती. मी स्वतः गेलो. पथकाने तपासली, तर ओले कपडे निघाले. लोक हसले. मी बाईंजवळ जाऊन म्हणालो, "अहो बाई, त्या दिवशी मी चुकलो. एवढं होऊनही तुम्ही फोन केलात. भीती नाही वाटली?"

"वाटली की साहेब. पिशवीची कमी, तुमची जास्त."

मुद्दाम खोटी खबर देणाऱ्याला सोडू नये. पण मनापासून दिलेली खबर खोटी ठरली, तर निर्णय ज्याने घेतला त्यानेच ते ओझं उचलावं. एवढं शहाणपण मला त्या बाईंनी दिलं. पुढे असा फोन करणारा ठाण्यात आला, की मी आधी त्याला खुर्ची द्यायचो आणि मग नाव विचारायचो.

बाईंना त्या दिवशी मी दुपारपर्यंत उभं ठेवलं होतं.